चाळीस फूट तेल

त्या जागी आजवर प्रत्येक माणूस हसला होता. अडतीस वर्षं ती ही गोष्ट सांगत आली होती, पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, एकदा तर दाताच्या डॉक्टरला, तोंडात कापसाचे बोळे असताना. आणि "डावरीचा बॉल रुळावरून आगगाडी जावी तसा सरळ गेला, वळेचना!" इथे आल्यावर ती डावा हात लांब करून, भुवया कपाळात चढवून जे तोंड करी, त्या तोंडाला माणसं हसतच. घरच्यांना तर पुढचं सगळं पाठ होतं. लेक म्हणायची, "आई, आता तीनशे सुरू करू नकोस हं," आणि तरी त्या जागी हसायचीच. पण आज सकाळी, पिना पाडायच्या बोलिंगचा हॉल उघडायच्या आधी, सात नंबरच्या लेनजवळ तेल देण्याच्या यंत्राच्या झाकणावर हात ठेवून उभी असलेली मेकॅनिक बाई हसली नाही. तिने चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "त्यांचा बॉल कुठला होता, काकू? नवा होता का?"

लांब केलेला हात तसाच हवेत राहिला. "नवा कसला? तोच तिचा काळा. त्याच बॉलनं आदल्या आठवड्यात मला चाळीसनं लोळवलं होतं."

"आणि डाव्या हाताची खेळणारी त्या एकट्याच?"

"एकटीच. म्हणून तर डावरी! आम्ही तिला म्हणायचो, तुझी काय चैन आहे बाई, तुझी बाजू म्हणजे कोरी वही. कुणी हातच लावत नाही."

"तेच म्हणते मी," मेकॅनिक बाई म्हणाली. नळ का गळतोय हे सांगावं तशा आवाजात ती सांगत होती. "उजव्या बाजूला दहा जणी टाकणार. त्यांचे बॉल तेल उचलणार, पुढे ओढणार, चार तासांत सकाळचं काही उरत नाही. डावीकडे एकच बाई. तिथलं तेल सकाळी घातलं तसंच राहणार. आणि त्यांचा बॉल एकदाही वळला नाही म्हणता. म्हणजे डावीकडे पार कडेपर्यंत तेल होतं. तुमचा मात्र पाय सरकून लेनच्या लाकडाच्या तीन पट्ट्या बाहेर गेलेला बॉलसुद्धा आत आला. म्हणजे तुमच्याकडची कड कोरडी होती. एकाच लेनवर, एकाच दिवशी. असं आपोआप होत नाही, काकू. असं घालावं लागतं." मग तिने सहज, खरंच सहज विचारलं, "तेव्हा तेल कोण घालायचं इथे?"

मेकॅनिक बाई दुसऱ्या गावाहून येऊन दोन महिने झाले होते. तिला कुठून ठाऊक असणार? तीनशेबाईनं तोंड उघडलं. "आमचे हे" एवढे दोन शब्द जिभेवर तयार होते, जन्मभर तयारच असत, आणि ते बाहेर येईनात. तिने हात खाली घेतला. मागची प्लास्टिकची खुर्ची चाचपली आणि बसली. मांडीवर पर्स होती, तिचा बंद तिने दोनदा उघडला, दोनदा लावला.

तीनशेबाई हे नाव तिला त्या दिवशीच चिकटलं. एका डावात एकामागून एक बारा बॉल टाकायचे आणि बाराही वेळा दहाच्या दहा पिना पडल्या तर तीनशे होतात. त्याच्या वर जायला जागाच नाही. या हॉलमध्ये बायकांत ते एकदाच झालं होतं. काउंटरवरचे, बूट देणारी, पाव आणणारा, पुढे पुढे तर पोस्टमनही तिला त्याच नावानं हाक मारू लागला. खरं नाव आता बँकेत आणि दवाखान्यात तेवढं लागायचं. येत्या रविवारी नव्या लेनचं उद्घाटन होतं. जुन्या लाकडी लेन उपटून नव्या टाकल्या होत्या, आणि भिंतीवर पितळी पाटी बसणार होती: वर तिचं नाव आणि तीनशेचा आकडा, खाली तिच्या नवऱ्याचं नाव, आणि त्याखाली "तीस वर्षं या लेनना तेल देणारा सरळ हाताचा माणूस". मॅनेजरनं मजकूर फोनवर वाचून दाखवला तेव्हा ती रडली होती. पहिला बॉल तिनेच टाकायचा होता. "एकदा येऊन बघून जा, कुठे उभं राहायचं ते," म्हणून तिला बोलावलं होतं, आणि मॅनेजर फोनवर होता म्हणून वेळ घालवायला तिने मेकॅनिक बाईला गोष्ट सांगायला घेतली होती. नाही तरी ती कुणाला तरी सांगितलीच असती.

तिला हे कळत नव्हतं असं थोडंच होतं. तेलवाल्याची बायको ती. तेलावर बॉल घसरतो आणि कोरड्यावर पकड घेऊन वळतो. तेल पहिल्या चाळीसेक फुटांवर असतं आणि पिनांच्या आधीचे वीस फूट कोरडे असतात. मधे जाड आणि कडेला पातळ असं घातलं तर बॉल बाहेर गेला तरी कोरडी कड त्याला आत वळवते आणि आत गेला तर मधलं तेल त्याला तिथेच धरून ठेवतं, म्हणजे चुकलेलाही बरोबर पोचतो. हे सगळं तिला भाजीत मीठ किती घालायचं हे कळावं तसं कळत होतं. इतकी वर्षं हॉलमध्ये कुणी जिंकलं, कुणी हरलं की घरी जाता जाता ती म्हणायची, आज तेल जड होतं, म्हणून जाड्या घसरला. आज लांब होतं, म्हणून शिक्षिकेचा उशिरा वळला. जगाच्या प्रत्येक हारजितीला तिने तेल लावून पाहिलं होतं. आपल्या तीनशेला तेवढं लावून पाहिलं नव्हतं.

तेव्हा यंत्र नव्हतं. तो पाठीवर फवाऱ्याची टाकी घेऊन लेनवर फवारायचा आणि मागून लोकरीच्या रुंद पुसण्यानं ते ओढत न्यायचा. कडा मात्र गुडघ्यांवर बसून फडक्यानं. त्याच्या सगळ्या पँटींचे दोन्ही गुडघे तेलकट असत, तिने जन्मभर ते गरम पाण्यात सोडा टाकून धुतले, आणि तरी तो वास गेला नाही. कपाटात अजून एक पँट आहे, ती तिने मुद्दाम धुतली नाही. तो फार बोलणारा नव्हता आणि तेलाबद्दल तर मुळीच नव्हता. खेळणारी माणसं त्याला चहा पाजायची, खांद्यावर हात टाकायची, "अरे, निदान एवढं सांग, आज लांब की आखूड?" तो म्हणायचा, "लेनला विचारा." बायकोला तरी सांगावं? अकरा वर्षं ती रात्री पांघरूण ओढता ओढता लाडानं विचारायची, "अहो, उद्या जड का हलकं?" आणि पांघरुणातून आवाज यायचा, "लेनला विचार." ती चिडायची आणि मनात फुगायची. असा नवरा कुणाचा होता? शेजारणीचा नवरा खाटीक होता, तो बायकोसाठी चांगला तुकडा बाजूला ठेवायचा. हिचा नवरा बायकोला चाळीस फुटांतला एक फूट सांगत नव्हता.

आणि त्या सकाळी त्याने सांगितलं होतं. बुटाची नाडी बांधता बांधता, मान वर न करता. "आज दहाव्या पट्टीवरून टाक. बाहेर टाकायला भिऊ नकोस, येईल आत." ती आरशासमोर होती, तोंडात केसाच्या पिना होत्या, तिने वळून पाहिलं तेव्हा तो दारापर्यंत पोचला होता. हे वाक्य ती कधीच कुणाला सांगत नसे. गोष्टीत बूट होते, सकाळ होती, भूक नव्हती, निळा ब्लाउज होता. हे वाक्य नव्हतं. तिला वाटायचं, ते आपलं आहे, दोघांचं, बाहेर काढलं तर विटेल. तो गेल्यावर तर ती ते झोपताना म्हणायची. येईल आत. भिऊ नकोस. आता प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून तिने ते पुन्हा म्हणून पाहिलं. अकरा वर्षं न सांगणाऱ्या माणसानं नेमकी पट्टी सांगितली होती. दहावी. आणि ती तिथेच उभी राहून टाकत गेली होती, बारा वेळा, आणि बारा वेळा तिने स्वतःच्या हाताचं कौतुक केलं होतं.

"पाणी देऊ का?" मेकॅनिक बाईनं विचारलं. "तुमचा रंग उतरलाय."

"नको. तू तुझं काम कर."

त्या हिवाळ्यात ती दवाखान्यातून रिकाम्या हातांनी घरी आली होती. सातव्या महिन्यात. विणलेला पिवळा स्वेटर तिने उसवला नाही आणि ठेवलाही नाही, तो खुर्चीच्या पाठीवर तसाच लोंबत राहिला, एक बाही अर्धी. नवऱ्याला काय बोलावं कळत नव्हतं, म्हणून तो भांडी घासायचा. घासलेली भांडी पुन्हा घासायचा. डावरी मात्र रोज यायची. दार लोटून सरळ स्वयंपाकघरात, मटार सोलायला बसायची, कुणी ऐको न ऐको बोलत राहायची, हॉलमधल्या कागाळ्या, मॅनेजरच्या केसांच्या टोपाची गोष्ट, आपल्या सासूच्या नकला. एके दिवशी तिने पिवळा स्वेटर उचलला, काही न विचारता आपल्या पिशवीत घातला आणि म्हणाली, "उठ. बॉल टाकू नकोस, नुसती बस तिथे. घरात तुला बुरशी लागेल." ती गेली आणि बसली. तिसऱ्या आठवड्यात उठून एक बॉल टाकला. वसंतात स्पर्धा आली आणि शेवटच्या फेरीत दोघीच उरल्या. ती आणि डावरी. जिंकणारीला संघात जागा होती, बाहेरगावी खेळायला जायचं होतं. डावरी वर्षानुवर्षं त्या जागेसाठी झटत होती. हिला तर फक्त उभं राहायचं होतं.

मग डबा. डबा गोष्टीत होता. "स्पर्धेच्या दिवशीसुद्धा मी आधी यांचा डबा पोचवला, मग खेळायला गेले," इथे बायका माना डोलवायच्या. अकरा वाजले होते, हॉलमध्ये कुणी नव्हतं, तो सातच्या लेनवर गुडघ्यांवर होता. डाव्या अंगाला. ती म्हणाली, "अहो, अजून झालं नाही?" आणि तो दचकला. फडकं धरलेला हात हवेत तसाच राहिला, आत्ता तिचा राहिला होता तसा. सगळ्या संसारात तो कधी दचकला होता? बशी फुटली, भूकंप झाला, तिच्या वडिलांची तार आली, तो मान वळवायचा आणि मग उठायचा. त्या दिवशी दचकला. तिने डबा बाकावर ठेवला आणि म्हणाली, "गार होईल." डबा इतकी वर्षं तिच्या डोळ्यांसमोर लख्ख होता, निळ्या कडेचा, वरच्या खणाला पोचा आलेला. तो हात कुठे गेला होता?

ती उठली. "बाई, तुझ्या या यंत्रात तसं घालता येतं?"

"कसं?"

"तू म्हणालीस तसं. उजवीकडे कड कोरडी. डावीकडे भरून."

"काकू, कशाला आता..."

"घाल म्हणते ना."

मेकॅनिक बाईनं तिच्याकडे पाहिलं, मग यंत्राच्या छोट्या पडद्यावर बोटं चालवली. यंत्र गुरगुरत लेनवरून गेलं आणि परत आलं. लेन होती तशीच दिसत होती. उभ्या माणसाला तेल दिसत नाही, म्हणून तर सगळी गंमत आहे, सगळे खेळणारे आंधळे आणि तेलवाला एकटा डोळस. तीनशेबाईनं पर्स खुर्चीवर ठेवली, बूट काढले आणि फाउल लाइनशी, लेन सुरू होते त्या रेघेशी आली. तिथे ती खाली बसायला लागली. आधी एक गुडघा, मग बराच वेळ काही नाही, मग "आई गं", मग दुसरा. मेकॅनिक बाई धावली. "अहो, काय करताय! पडाल."

"पडून कुठे जाणार? खालीच आहे मी."

गुडघ्यांवरून तिने मान कलती केली. वरच्या दिव्यांचा उजेड लेनवर तिरपा पडला होता. उजवीकडे चकाकी मधेच संपत होती आणि कडेची हातभर रुंदी मातकट, मुकी होती. डावीकडे ती थेट लेनलगतच्या गटरच्या काठापर्यंत पसरली होती, पाण्यानं भरलेल्या ताटासारखी. तिने डावा तळहात पुढे नेऊन कडेला टेकवला. हात सरकला. तोल जाऊन ती पालथीच व्हायची, मेकॅनिक बाईनं दंड धरला म्हणून वाचली. आणि तसं एका गुडघ्यावर लोंबकळत असताना तिला आठवलं की बाकाजवळून डबा ठेवून वळताना तिने हे पाहिलं होतं. वाकली होती ना ती डबा ठेवायला. वाकल्यावर दिसतंच. डावीकडे चकाकी कडेपर्यंत होती आणि तेलवाल्याच्या बायकोनं ती पाहिली होती, आणि सरळ उभी राहून घरी जाऊन निळा ब्लाउज घातला होता.

डाव संपायच्या आधी, नवव्या बॉलनंतर, डावरी पाणी प्यायच्या निमित्तानं तिच्या जवळ आली होती. बॉल पुसायच्या टॉवेलवर तेलाचा पट्टा होता. ती अगदी कानाशी लागून म्हणाली, "अगं, डावीकडे काहीतरी आहे." तक्रार नव्हती त्यात. आजारी माणसानं घरच्याच माणसाला ताप दाखवावा तशी ती म्हणाली होती. आणि हिच्या नावापुढे सगळ्या पिना पाडल्याच्या नऊ फुल्या होत्या, शंभर माणसं बघत होती, त्या हिवाळ्यानंतर पहिल्यांदा तिला भूक लागली होती. ती मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं!"

हॉल हसून फुटला. गोष्टीतही या वाक्याला दुसरा हशा होता, पहिल्यापेक्षा मोठा. त्यानंतर डावरीचे तीन बॉल उरले होते, ते तिने टाकले, एकही न वळलेला. हात मिळवला. बूट परत केले. त्या दिवसानंतर ती स्वयंपाकघरात आली नाही, हॉलवर आली नाही. लोक म्हणाले, हार पचली नाही. तीनशेबाईही म्हणाली. नवरा काहीच म्हणाला नाही. तिला संघात जागा मिळाली, ती बाहेरगावी गेली, पहिल्याच फेरीत शेवटून दुसरी आली आणि त्याला तिने "तिथलं पाणी बाधलं" असं नाव दिलं. परत आली तेव्हा तो स्टेशनवर उभा होता. काही न विचारता त्याने तिची बॅग घेतली. लेन सगळ्यांना सारखी असली म्हणजे आपली बायको किती पाण्यात आहे हे त्या हॉलमध्ये फक्त त्यालाच माहीत होतं, आणि तो पस्तीस वर्षं ते पोटात ठेवून तिच्या गोष्टीला तिसऱ्या खुर्चीवर बसून हसत आला होता. हसत होता का? तिने आठवून पाहिलं. त्या जागी तो नेहमी उठून पाणी आणायला जायचा.

मेकॅनिक बाईनं तिला खुर्चीवर आणून बसवलं. साफसफाईवाला पुसणं थांबवून बघत होता. मॅनेजर काचेआडून हात करून "आलोच" म्हणत होता. तीनशेबाईनं पर्समधून फोन काढला. नवरा गेला तेव्हा एका बाईचा फोन आला होता, तो लेकीनं उचलला होता आणि नंबर जपून ठेवला होता, "आईची मैत्रीण" या नावानं. तीन वर्षं ते नाव यादीत होतं, आणि यादी चाळताना ती त्या ओळीवरून बोट पटकन पुढे न्यायची. आज बोट तेलकट होतं, पडद्यावर तीनदा घसरलं. चौथ्यांदा लागलं.

"हॅलो?" आवाज म्हातारा झाला होता. पण तोच.

ओळख, विचारपूस, काही सुचलं नाही. "डावीकडे तेल होतं," तीनशेबाई म्हणाली.

पलीकडे भांड्यावर भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग खुर्ची ओढल्याचा. "आत्ता कळलं होय तुला?"

"तुला ठाऊक होतं?"

"अगं, तिसऱ्या बॉलला कळलं. बावीस वर्षं खेळत होते मी, वाटाणे सोलत नव्हते. टॉवेल बघितला आणि कळलं."

"मग बोलली का नाहीस? पंचांना सांगायचंस! मला ओढून न्यायचंस!"

"त्याची नोकरी गेली असती. आणि तू... तू त्या दिवशी पाचव्या बॉलनंतर हसलीस. लोकांना काय ठाऊक, मला ठाऊक होतं किती महिन्यांनी ते. म्हटलं, जाऊ दे. पुढच्या वर्षी बघू."

"पण तू परत आलीच नाहीस."

"तेलासाठी नाही गं बाई." आवाज पहिल्यांदा हलला. "तेलाचं मी त्याला केव्हाच माफ केलं होतं. मी तुझ्या कानात बोलले होते. तू सगळ्यांसमोर बोललीस."

समोर भिंतीवर पाटीसाठी चार भोकं पाडून ठेवली होती, खाली पांढरी भुकटी सांडली होती. तिथे वर ती असणार होती आणि खाली तो, सरळ हाताचा. मॅनेजर दार उघडून हसत बाहेर येत होता. "काय तीनशेबाई! झाली का तयारी?" मेकॅनिक बाई त्याला हातानं थांबवत होती.

"अंगण वाकडं होतं," तीनशेबाई फोनमध्ये पुटपुटली.

"ऐकू नाही आलं."

तिला ठाऊक होतं, ऐकू आलं होतं. फोन हातातून निसटत होता. तिने तो दोन्ही हातांनी धरला, खुर्चीवरून उठली, आणि साफसफाईवाला, मेकॅनिक बाई, मॅनेजर, काउंटरवरचे दोघे, बूट देणारी, सगळ्यांची तोंडं आपल्याकडे वळलेली बघत, त्या दिवशी होता तेवढ्याच मोठ्या आवाजात म्हणाली, "डावरीला नाचता येत होतं! अंगणच वाकडं होतं! माझ्या नवऱ्यानं केलं होतं ते, माझ्यासाठी, आणि मी बघितलं होतं!"

मॅनेजरचा हसरा चेहरा तसाच राहिला, त्यातलं हसू कधी गेलं ते कळलं नाही. तीनशेबाई फोन कानाला घट्ट लावून उभी होती, गाल तेलानं माखला होता.

"हं," पलीकडून डावरी म्हणाली. "आता आलं."